प्लॅटिनमवरचा मळ

खराडीत काचेच्या इमारती उठत होत्या, त्या वर्षांत मी आणि माझी मैत्रीण पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत पीएचडी करत होतो. सगळं जग सॉफ्टवेअरकडे धावत होतं आणि आम्ही आम्लात बुडवलेल्या प्लॅटिनमच्या मण्याला व्होल्टेज चढवत-उतरवत बसलेलो. मैत्रीण नागपूरची, बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली संशोधक. खराडीतल्या भावाने तिच्यासाठी नोकरी बघूनच ठेवली होती. आमच्या मार्गदर्शक सरांनी पीएचडीसाठी एक वर्ष वाढवून दिलं नाही, तर तिला तिकडे जावं लागणार होतं.

मण्यातून वाहणाऱ्या विजेचा तिचा आलेख काही स्थिर होईना. व्होल्टेजच्या दर फेरीला त्यावरचा एक उंचवटा वाढतच जायचा. सरांचं निदान ठरलेलं, मळ. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "अहो, भांडी नीट घासत जा. अर्थात, स्वच्छतेची सवय घरातूनच यावी लागते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काचेचं पात्र पुन्हा आम्लात उकळलं, मणी साफ करायला आमच्या रिवाजाप्रमाणे व्होल्टेज आणखी वर नेलं. उंचवटा आणखी वाढला.

मग एक दिवस तिने काहीच न धुता फक्त व्होल्टेज खालीच थांबवलं, ऑक्साइड बनण्याच्या अलीकडे. आलेख जागचा हलला नाही. चहा पिताना तिने मला समजावलं: वर गेलं की ऑक्सिजन प्लॅटिनमच्या अणूंखाली शिरतो, त्यांना उचलतो. ऑक्सिजन निघून गेला तरी अणू आपल्या जागी परतत नाहीत. पंगतीतून उठलेल्या माणसाला पुन्हा तोच पाट कुठे मिळतो? म्हणजे आम्ही साफ करत होतो, त्यानेच पृष्ठभाग खडबडीत होत होता आणि तोच खडबडीतपणा आलेखावर उंचवटा होऊन दिसत होता.

सरांना पटेना. त्यांनी बाह्या सरसावल्या, पात्र स्वतः घासलं, उकळलं, नवा मणी लावला आणि व्होल्टेज पूर्ण वर नेलं. थोड्याच फेऱ्यांत तोच उंचवटा.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "एक वर्ष वाढवून देतो."

"देऊ नका, सर," ती म्हणाली. "माझ्या घराबद्दल बोललात, ते आधी मागे घ्या. नाहीतर मी सोमवारी खराडीला जाते."

सरांनी मान खाली घातली. "मागे घेतो," म्हणाले, तेही सगळ्यांसमोर.

ती शांतपणे पुढची फेरी लावायला वळली. रडले ती मी.