जर झुल्माचा बाप्तिस्मा झाला नसेल, तर

गावात कुणाच्या घरी बाळ जन्मलं की सुईण हात पुसून बाहेर पडायच्या आत झुल्मा दारात हजर असायची. हातात मनुकांचा पाव, डोक्यावर काळी हॅट आणि तोंडात एकच प्रश्न, "चर्चला कधी नेताय?" बाळाचं वजन, बाळंतिणीची तब्येत, नाव काय ठेवणार, हे सगळं मागाहून. आधी पाणी. बाप्तिस्म्याच्या पाण्यावाचून स्वर्गाचं दार उघडत नाही, असं तिचं ठाम मत होतं. मत ठाम असलं की झुल्माचा आवाजही चढायचा आणि बियरसाठी लागणाऱ्या हॉपच्या वेलींच्या मळ्यात काम करणाऱ्या कामिएलला, तिच्या नवऱ्याला, तो स्पष्ट ऐकू यायचा. "आज कुणाची तरी धडगत नाही," असं म्हणून तो वेल बांधत राहायचा.

लोक तिला वचकून असत. हिमवर्षावात, वादळात, तिच्या धाकानं लोकांनी दोन दिवसांची पोरं गोधड्यांत गुंडाळून चर्चला पळवली होती. ओडिएल चांभार तेवढा तिला दाद देत नसे. तो कामगारांचं वर्तमानपत्र वाचायचा आणि देवाधर्माशी त्यानं केव्हाच फारकत घेतली होती. त्याला मुलगी झाली तेव्हा बायको तापानं पडलेली. झुल्मा म्हणाली, "पोरीला जरा मी सांभाळते," आणि तिला घेऊन अंगणातल्या पंपाशी गेली. तिनं ओंजळभर पाणी पोरीच्या कपाळावर ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द पुटपुटले. ओडिएल खिडकीतून बघत होता, पण तोंडात जोड्याचे खिळे धरलेले असल्यामुळे त्याला ओरडता येईना. खिळे काढून तो बाहेर आला तोवर सगळं उरकलं होतं.

"पोरगी भिजली कशी?"

"पाऊस आला," झुल्मा म्हणाली. वर आभाळ निरभ्र होतं. पोरगी हसत होती, म्हणून ओडिएलनं विषय वाढवला नाही.

झुल्माच्या या घाईमागं एक गोष्ट होती आणि ती कुणी बोलून दाखवत नसे. तिचा पहिला मुलगा तासभरही जगला नव्हता. खोलीतली सगळी माणसं त्याला ऊब देण्याच्या धावपळीत होती, पाण्याचं कुणाला सुचलंच नाही. बाप्तिस्मा झाला नव्हता म्हणून त्याला दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरलं. त्यानंतर झुल्मानं कुणाच्या घरी घाई केली नाही, असं कधी झालं नाही.

तिच्या मुलीला, रोझाला, मुलगा झाला त्या वर्षी झुल्मा साठीच्या आसपास होती. नातवाचा बाप्तिस्मा थाटात झाला. घरी जेवणावळ. सशाचं मटण, सुक्या प्लमांचा रस्सा, बाळाच्या नावानं वाटायच्या साखरेतल्या बदामगोळ्या. गावात नवेच आलेले तरुण फादर लोटेन्स टेबलाच्या टोकाला बसले होते आणि त्यांच्या शेजारी झुल्माची लिओनी आत्या. आत्याची नव्वदी जवळ आली होती. दुसरा ग्लास संपवून तिनं बाळाकडे पाहिलं.

"नशीबवान कार्टं. कोमट पाणी मिळालं. झुल्माच्या वेळी पाणी होतं कुठं?"

"म्हणजे?" झुल्मानं विचारलं.

"अगं, तू जन्मलीस तेव्हा थंडीनं पंप गोठलेला, बादलीत बर्फ. तू पडलीस निळीजांभळी. सुईण म्हणाली, ही जात्येय, कुणीतरी बाप्तिस्मा द्या. तुझ्या आजोबांनी समोरचा जग उचलला आणि ओतला तुझ्या डोक्यावर. बियरचा. तू अशी काही किंचाळलीस की विचारू नकोस. आजतागायत थांबली नाहीस."

टेबलभर हशा पिकला. कामिएलनं डोळे पुसले. "तरीच हिच्या तोंडाला कायम फेस."

"पण नंतर चर्चमध्ये नेलं असेल ना मला?"

"नेलं की. फादरांनी विचारलं, घरी बाप्तिस्मा झाला का? आम्ही म्हटलं, झाला. शब्द बरोबर म्हटले का? म्हटले. मग त्यांनी तेल लावलं, मीठ चाटवलं, आशीर्वाद दिला. पाणी पुन्हा ओतलं नाही. एकदा झालेला बाप्तिस्मा परत करत नाहीत. कशानं केला, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही."

झुल्मा फादर लोटेन्सकडे बघत होती. ते हसतील, मग आपणही हसू, असा तिचा बेत होता. फादरांनी काटा खाली ठेवला.

"फादर, बियर चालते का?"

"पाणीच लागतं, झुल्माबाई," ते ओशाळून म्हणाले. "फार पूर्वी उत्तरेकडच्या एका बिशपनं पोपना हेच विचारलं होतं. बियर चालत नाही असं उत्तर आलं."

"उत्तरेकडची बियर असेल तशी," कामिएल म्हणाला.

"म्हणजे मी..." झुल्माला पुढचा शब्द उच्चारवेना. कामिएलनं तो उच्चारला. "इतकी वर्षं मी एका काफर बाईबरोबर संसार करतोय."

फादरांना तिची दया आली. "एक आहे. बियर अगदीच पातळ असेल, लोक जिला पाणीच म्हणतील अशी, तर शंकेला जागा उरते. तशा वेळी 'जर' घालून पुन्हा बाप्तिस्मा देतात. जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो, असं."

सगळ्यांच्या माना आत्याकडे वळल्या. आता इथं पंचाईत होती. झुल्माच्या आजोबांची घरगुती बियर हा त्या घराण्याचा अभिमान होता. झुल्मानं लग्नापासून तिचे गोडवे गायले होते आणि कामिएलनं लग्नापासून तिला नावं ठेवली होती.

"पातळ?" आत्या ताठ बसली. "माझ्या बापाची बियर? चमचा उभा राहायचा तिच्यात."

"आत्या, मी प्यायलोय ती," कामिएल म्हणाला. "निव्वळ पाणी होतं."

या वाक्यावरून त्या घरात आजवर बश्या आपटल्या गेल्या होत्या. त्या दिवशी झुल्मानं बशीला हातही लावला नाही. मग हळूच म्हणाली, "आत्या, थोडी पातळ असेल का गं?"

"मेले तरी म्हणणार नाही," आत्या म्हणाली आणि बदामगोळी तोंडात टाकून तिनं साक्ष संपवली.

पुढच्या रविवारी चर्चमधल्या उपासनेत, मिस्सेत, सगळे ख्रिस्तप्रसाद घ्यायला उठले आणि झुल्मा बाकावर बसून राहिली. बाप्तिस्म्याशिवाय प्रसाद घेता येत नाही, हे तिनंच तर गावाला शिकवलं होतं. गावाला आठवडाभर दुसरा विषय नव्हता. प्रसाद टाळावा लागण्याएवढं कोणतं पाप केलं असेल हिनं? काही बायका तर तिच्याकडे जरा आदरानं बघायला लागल्या.

कामिएलची साक्ष नवऱ्याची म्हणून कच्ची. तिऱ्हाईत माणूस हवा होता. ओडिएलचा बाप आजोबांच्या शेतावर गडी होता, हे झुल्माला आठवलं. दोन दिवस तिनं मनाची तयारी केली आणि तिसऱ्या दिवशी चांभाराच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"ओडिएल, आमच्या आजोबांची बियर कशी होती?"

"खरं सांगू की तुला बरं वाटेल असं?"

"खरं."

"माझा बाप म्हणायचा, त्या घरी दिवसभर प्यायलं तरी माणूस नाकासमोर चालत घरी जातो. वाईट वाटून घेऊ नकोस."

झुल्मानं सुटकेचा एवढा मोठा उसासा टाकला की ओडिएलनं हातोडा खाली ठेवला. मग तिला सगळं सांगावंच लागलं. तो हसला नाही, पण त्याच्या मिशा हलत होत्या.

"मग एक सांग. पंपावर तू माझ्या पोरीला जे केलंस, ते झालं की नाही? तुझाच झाला नव्हता म्हणतेस."

"तिचा झाला," झुल्मा म्हणाली. बाप्तिस्मा खरा की खोटा, या बाबतीत तिला खोटं बोलता येत नसे. "खरं पाणी, खरे शब्द, मनापासून केलेलं. ओतणारा स्वतः बाप्तिस्मा न झालेला असला तरी चालतो."

"म्हणजे माझी पोरगी ख्रिस्ती, आणि तू नाहीस."

"तसंच आहे."

"बस जरा," ओडिएल म्हणाला आणि त्यानं तिच्यासाठी स्टूल ओढलं.

दुसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून ओडिएल जन्मात पहिल्यांदा फादरांच्या घरी गेला. आत यायचं त्यानं नाकारलं. उंबऱ्यावरूनच म्हणाला, "शपथबिपथ घेणार नाही. पण बियर पातळ होती." एवढं बोलून तो परत फिरला.

फादरांनी झुल्माला बोलावून घेतलं. येत्या गुरुवारी दुपारी, दारं लावून, गाजावाजा न करता. मग धीर द्यावा म्हणून म्हणाले, "तुम्ही उगाच घाबरलात. ज्यांना बाप्तिस्मा हवा होता आणि मिळू शकला नाही, त्यांची इच्छा देव मोजतो. त्यानं आपलं तारण या संस्काराला बांधलंय खरं, पण तो स्वतः त्याला बांधलेला नाही. त्या जेवणाच्या दिवशी तुम्ही देवाघरी गेला असतात, तरी त्यानं तुम्हाला दाराबाहेर ठेवलं नसतं."

झुल्मानं हातमोज्याची बोटं सरळ केली. "इच्छा मोजतो?"

"मोजतो."

"स्वतःचीच? की आईची पण?"

फादरांना कुंपणाबाहेरच्या त्या थडग्याचं कुणी सांगितलं नव्हतं, पण प्रश्नाचा अर्थ त्यांना समजला. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं उत्तर त्यांना पाठ होतं. अशा बाळांना दुःख नाही, पण स्वर्गही नाही, असं त्यात होतं. ते त्यांच्या ओठांवर येईना.

"पुस्तक नक्की काही सांगत नाही," ते म्हणाले. "मी आशा धरतो. आणि झुल्माबाई, ज्याच्यावर आशा धरायची तो पुस्तकापेक्षा दयाळू आहे, असं मला वाटतं."

झुल्मानं मान हलवली. घरी जाताना ती दफनभूमीच्या कडेनं गेली आणि कुंपणाशी उभं राहून पहिल्यांदाच तिनं त्या मुलाला त्याच्या नावानं हाक मारली. नाव तिनं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं.

गुरुवारी चर्चची दारं लावलेली होती. पण नेमक्या त्याच दुपारी अर्ध्या गावाला चर्चलगतच्या आपल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढायची आठवण झाली होती आणि सगळे भिंतीला कान लावून गवत काढत होते. धर्ममाता म्हणून लिओनी आत्या. नवऱ्याला धर्मपिता होता येत नाही, म्हणून कामिएल बाकावर. झुल्मानं हॅट काढली आणि जन्मल्यासारखी उघड्या डोक्यानं बाप्तिस्म्याच्या कुंडावर वाकली. "सैतानाचा धिक्कार करतेस?" "करते," हे तिनं इतक्या जोरात म्हटलं की बाहेर कुणाच्या तरी हातून खुरपं पडलं. फादरांनी तीनदा पाणी ओतलं. पाणी मानेवरून पाठीत गेलं.

"गार आहे," झुल्मा म्हणाली.

"पाणी आहे," आत्या म्हणाली. "हवं होतं ना?"

मग फादर कामिएलकडे वळले. बाप्तिस्म्याची शंका तशी लग्नाचीही थोडी शंका, तेव्हा खबरदारी म्हणून होकार पुन्हा घेऊन टाकू, असं त्यांनी सुचवलं. कामिएल उठला. झुल्माच्या केसांतून पाणी गळत होतं, नाक लाल झालं होतं.

"कामिएल, या स्त्रीला पत्नी म्हणून स्वीकारतोस?"

कामिएलनं टोपी या हातातून त्या हातात घेतली. खिडकीबाहेर पाहिलं. बाहेरचं गवत काढणं थांबलं.

"अरे बोल ना," झुल्मा म्हणाली.

"मागच्या वेळी विचार करायला वेळ मिळाला नव्हता," तो म्हणाला. "आता मिळालाय तर करू दे." मग त्यानं आपला रुमाल काढून तिची मान पुसली आणि म्हणाला, "स्वीकारतो, फादर. जर आधी स्वीकारलं नसेल, तर."

त्यानंतरही झुल्मा नव्या बाळंतिणींच्या घरी जात राहिली. मनुकांचा पाव तोच, हॅट तीच. पण आता ती आधी खुर्चीवर बसायची, बाळ मांडीवर घ्यायची आणि आईला विचारायची, "तुला झोप लागली का गं रात्री?" चर्चचं ती कॉफीच्या दुसऱ्या कपाच्या वेळी काढायची.