मालतीवहिनींची परात

सोनं शोधणाऱ्या क्लबात सोनं सोडून बाकी सगळं सापडतं! आमच्या सुवर्णशोध मंडळाने नऊ वर्षांत दोनच गोष्टी जमवल्या, वाळू आणि किस्से. वाळू माझ्या गाडीच्या डिकीतून अजून निघते. किस्से चार जुनी माणसं भेटली की निघतात, आणि एक निघाला की त्याचं शेपूट धरून दुसरा येतो. मग चहा गार होतो आणि आतून बायको विचारते, "झालं का तुमचं सोनं काढून?"

मंडळ काढलं आपट्यांनी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आपटे रास अल खैमाच्या एका सिमेंट फॅक्टरीत सर्व्हेयर. खाणीत मोजमाप करताना त्यांना एकदा दगडात काहीतरी चमकलेलं दिसलं आणि त्यांनी जाहीर केलं, "या डोंगरांत सोनं आहे. मला आतून वाटतंय!" त्यांच्या आतून वाटण्यावर आम्ही दुबई-शारजाची वीस मराठी माणसं निघालो. शुक्रवारची सुट्टी, करायला काही नाही आणि आपट्यांचा आवाज मोठा. एवढी कारणं आम्हाला पुरली.

काम तसं सोपं. वादीतली, म्हणजे डोंगरातल्या ओढ्यातली वाळू पसरट भांड्यात घ्यायची आणि पाण्यात गोल गोल हलवायची. हलकी वाळू वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. त्यासाठी खास पॅन मिळतो म्हणे. आपट्यांनी घरातली कणकेची परात उचलली.

"अहो, मग कणीक कशात भिजवू?" मालतीवहिनी ओरडल्या.

"पहिला कण सापडला की परात परत. आणि कण तुझ्या नथीत!"

कण ठेवायला त्यांनी होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली घेतली. तीच पुढे आमची अध्यक्षपदाची खूण झाली. नवा अध्यक्ष निवडला की जुना अध्यक्ष ती रिकामी बाटली त्याच्या हातात देई आणि आम्ही टाळ्या वाजवत असू. मालतीवहिनी मात्र नऊ वर्षं पातेल्यात कणीक भिजवत होत्या.

*

पहिल्याच शुक्रवारी कळलं की वादी कोरडी ठणठणीत आहे. चाळायला पाणीच नाही! वीसपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि त्यातले अकरा इंजिनियर होते.

पुढच्या वेळी पाण्याच्या पेट्या विकत घेतल्या. खानोलकर दुबईत एका ऑफिसात ॲडमिन मॅनेजर. ते कळवळले, "दहा दिरहमची पेटी! म्हणजे शंभर रुपये! वाळूत ओतायला?" आमच्याकडे एक टब होता, माझ्या मुलाच्या आंघोळीचा, बदकाचं चित्र असलेला. त्यात पाणी ओतलं आणि आपटे परात घेऊन बसले.

तेवढ्यात बकऱ्या घेऊन एक म्हातारा अरब आला. भर वाळवंटात टबाभोवती उभी असलेली वीस माणसं त्याने बराच वेळ पाहिली.

"क्या करता है?"

"सोना ढूंढता है," आपटे अभिमानाने म्हणाले.

म्हाताऱ्याला आमची दया आली. "हबीबी," तो समजावत म्हणाला, "सोना का दुबई में दुकान है. बहुत दुकान!" आणि त्याने हात करून दुबईचा रस्ताही दाखवला.

*

आपट्यांचं अध्यक्षपद गेलं ते याच म्हाताऱ्यामुळे.

त्या शुक्रवारी नव्या वादीत जायचं होतं. आपट्यांची गाडी पुढे, मागे आमच्या चार. तासाभराने एक काटेरी झाड लागलं, त्याखाली हा म्हातारा बसलेला. सलाम झाले. अर्ध्या तासाने पुन्हा झाड, पुन्हा म्हातारा, पुन्हा सलाम. तिसऱ्यांदा आलो तेव्हा त्याने आमच्यासाठी चहा ठेवला होता!

खानोलकर गाडीतून उतरले. "आपटे, तुम्ही सर्व्हेयर ना? हे तेच झाड आहे."

आपट्यांनी झाडाकडे पाहिलं, नकाशाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "झाड हललंय."

चहा पिता पिता तिथेच निवडणूक झाली. खानोलकर निवडून आले. आपट्यांनी बाटली दिली आणि स्वतःच सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या, पण परतताना त्यांनी आपली गाडी सगळ्यात मागे ठेवली. मला फार वाईट वाटलं.

*

खानोलकर अध्यक्ष झाले आणि मंडळात फाइल आली. अजेंडा आला, मिनिट्स आले. फावडं कुणी आधी मारायचं याचाही प्रोटोकॉल ठरला. दोन तास मीटिंग, दहा मिनिटं खोदकाम! प्रत्येक ठरावाखाली खानोलकर स्वतःच्या हाताने लिहीत, 'सर्वानुमते मंजूर'. विसाचे आम्ही बारा झालो, तेही सर्वानुमते मंजूर झालं.

अशात एकदा परातीत खरंच काहीतरी चमकलं. पिवळं, पातळ, भुरभुरीत. निम्मे म्हणाले सोनं, निम्मे म्हणाले अभ्रक. आपटे म्हणाले, "घाई नको, तपासून घेऊ." खानोलकर म्हणाले, "कशाला? मतदान घेऊ."

सात विरुद्ध पाच. सोनं जिंकलं!

दुसऱ्या दिवशी खानोलकर बाटली घेऊन दुबईच्या सोनेबाजारात गेले, सोबत मी. सोनाराने भिंगातून पाहिलं आणि कण फुंकरीने उडवून दिले. "साब, ये सोना नहीं है."

"असं कसं?" खानोलकर भडकले. त्यांनी फाइल उघडून सोनारापुढे धरली. "हमारा व्होटिंग हो गया है!"

*

खानोलकरांना घालवलं सुनंदाताई लिमयांनी. ताई शाळेत शिकवायच्या. भर मीटिंगमध्ये त्या उठल्या आणि म्हणाल्या, "फाइल मिटा, डबे उघडा." ठराव टाळ्यांनी पास झाला.

ताईंचा नियम एकच, प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. मंडळ असं फुगलं की विचारू नका! शुक्रवारी चाळीस-चाळीस माणसं. बटाटेवडे, पुरणपोळ्या, एकदा तर वादीत पाणीपुरी! सोनं कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. पोरं आधीच कंटाळलेली. आपटे एकदा त्यांना उत्साहाने सांगत होते की या डोंगराच्या पोटात काय काय दडलंय. सगळं ऐकून एक पोरगी म्हणाली, "अंकल, इज देअर अ मॉल निअर हिअर?"

एकदा चाळायला म्हणून आपट्यांनी टब ओढला, तर त्यात काकडीची कोशिंबीर! बदकाच्या गळ्यापर्यंत!

"ताई, अहो टब..."

"धुतलाय हो चांगला. मीठ बघता का जरा?"

आपट्यांनी मीठ बघितलं. बरोबर होतं.

मग ताईंच्या मिस्टरांची दूर अबू धाबीपलीकडे रुवैसला बदली झाली आणि ताईंबरोबर डबे गेले. डब्यांबरोबर माणसं गेली. पोरीला हवा होता तसला मॉलही उघडला, उरलेली तिकडे गेली. खलास!

*

मी अध्यक्ष झालो कारण त्या मीटिंगला मी गैरहजर होतो.

माझ्या कारकिर्दीत उपस्थिती सरासरी दोन. एक मी, दुसरे आपटे. कधी तिसरे खानोलकर यायचे, तेही फाइल घेऊन. एका शुक्रवारी आपटे परात हलवता हलवता म्हणाले, "जोशी, पुढच्या महिन्यात साठ पूर्ण. व्हिसा कॅन्सल. निघालो आम्ही."

मी फावडं खाली ठेवलं.

"सोनं नाही मिळालं तरी चालेल रे," ते म्हणाले. "पण मी गेलो की मंडळ बंद पडणार. इतकी वर्षं येड्यासारखा वाळू धूत होतो असंच होईल ना मग? हिला काय सांगू, परात कशाला नेली होती?"

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले. घरी येऊन मी ठरवलं, या माणसाला रिकाम्या बाटलीने जाऊ द्यायचं नाही.

*

आपट्यांचा शेवटचा शुक्रवार. सुनंदाताई खास रुवैसहून आल्या. खानोलकर आले. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मालतीवहिनी आल्या. त्यांचा हेतू स्वच्छ होता, "कार्गोचं सामान बांधायचंय. परात न्यायला आलेय."

माझ्या खिशात कागदाची पुडी होती. आदल्या दिवशी लग्नाची अंगठी आतल्या बाजूने कानशीने घासून मी चिमटीचाही चौथा हिस्सा सोनं काढलं होतं. बायकोला पत्ता नाही! खानोलकरांनी प्रोटोकॉल म्हणून पहिलं फावडं मारलं. सुनंदाताईंनी "बघू बघू, किती मऊ वाळू" म्हणत परातीत हात घातला. मी खडे वेचायच्या निमित्ताने पुडी रिकामी केली. मग आपटे टबाशी बसले.

वाळू वाहत गेली. पाणी निवळलं. परातीच्या काठाशी पिवळी रेघ उमटली.

रेघ कसली, चांगला पट्टाच! माझ्या पुडीच्या कितीतरी पट! माझं तर एवढंसं होतं, मग बाकीचं? म्हणजे खरंच आहे की!

"सापडलं!" मी बोंब ठोकली. "सापडलं! सापडलं!" सुनंदाताई गोल गोल नाचायला लागल्या. खानोलकरांनी आयुष्यात पहिल्यांदा फाइल हवेत उडवली. आपटे तर टबात उभे राहून उड्या मारत होते, "जोशी, आहे रे! या डोंगरात खरंच आहे! पुढच्या शुक्रवारी सगळ्यांना बोलवा!"

मालतीवहिनी तेवढ्या नाचत नव्हत्या. त्यांनी परात उचलली, उन्हात तिरकी धरली आणि निरखून पाहिलं.

"हा लालसर कीस आहे ना, हा माझ्या बांगडीचा," त्या म्हणाल्या. "काल हे बाथरूममध्ये दार लावून कानशीने घासत होते. मला म्हणाले, मंडळ चालू राहायला पाहिजे." मग त्यांनी आमच्याकडे वळून पाहिलं. "बाकीचं कुणाकुणाचं ते सांगा, म्हणजे वाटून घेता येईल."

सुनंदाताईंनी कानातलं चाचपलं. खानोलकरांनी अंगठीचा हात खिशात घातला. मीही घातला.

आपटे टबात तसेच उभे. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. आधी खानोलकरांकडे, मग ताईंकडे, मग माझ्याकडे. मग खाली बसून त्यांनी परातीतलं सगळं सोनं हळूहळू बाटलीत भरलं, बूच लावलं आणि बाटली मालतीवहिनींच्या हातात दिली. रिकामी परातही दिली.

खानोलकरांनी वाळूतून फाइल उचलली, झटकली आणि घसा खाकरला.

"आपटे, मिनिट्समध्ये काय लिहू?"

"लिहा," आपटे म्हणाले, "सोनं सापडलं. सर्वानुमते."