यमुनाकाकीचं चालणं

आमच्या निडी गावच्या रस्त्यावर समोरून यमुनाकाकी येताना दिसली की माणसं वाट बदलायची. काकी लोकांचा उद्धार करायची, आणि तोही वैद्यकीय सल्ल्याने. हृदयविकाराच्या झटक्यानंतर तिला स्टेंट बसवला होता. पेणच्या दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज चाला. पण चालताना बोलता आलं पाहिजे, बोलायला धाप लागली की सावकाश. आता एकटी बाई काय बोलणार? म्हणून भेटेल त्याला धरायची. "काय रे, ह्ये पोट तुझंच ना? की कुणाचं सांभाळाय घेतलंस?" वाक्य एका दमात पार पडलं की खूश. "बघ. काळीज ठीक हाय माझं."

अंगावर नऊवारी, पायांत नातवाचे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि हात असे झोकायची की कवायतीतल्या शिपायाने लाजावं. आधी अंगण, मग देऊळ, मग स्टेशन. पोचायचं होतं फाटकापलीकडच्या वालाच्या शेतात. "शेंगा माझ्या हातानं खुडीन," म्हणायची, "सुनांनी खुडलेल्या वालाला चव नाय." शेंगा भरेपर्यंत तिथवर जाल, असं बाईंनीही कबूल केलं होतं.

मी तिचा शेजारी. मला नकला येतात, आणि येतात म्हणून कुणी न सांगता मी त्या करतो. रोह्याला एका साखरपुड्यात मी पाहुण्या बायांपैकी एकीची शाल लुगड्यासारखी नेसलो, नवरदेवाचे बूट चढवले आणि मांडवभर यमुनाकाकी चालवली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग मी रंगात आलो आणि तिच्या आवाजात एक वाक्य पदरचं घातलं: "दोन सुना हायत, पण शेतात मलाच धाडतात."

काकी असं कधीच म्हणाली नव्हती. हशा मात्र त्यालाच सर्वांत मोठा आला. तिचा मुलगा दिनेश पंगतीत होता. शेजारच्या पाहुण्याने त्याला विचारलं, आजारी आईला राबवता काय?

दुसऱ्या दिवशी बूट माळ्यावर गेले आणि काकी पलंगावर. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळू लागला. मी दिनेशला गाठून सांगितलं, ते वाक्य माझं होतं, तिला चालू दे, बाईंना तरी विचार.

"दादा, ती रस्त्यात पडली तर तुला कोण बोलणार नाय," तो म्हणाला. "मला बोलतील."

समाचाराला येणारे सुनांचं कौतुक करून जात. काकीच्या पिंडऱ्या सुकल्या. पौषात तर मोरीपर्यंत जातानाही तिला धाप लागू लागली.

ती गेली त्याच्या आठवडाभर आधी मी भेटायला गेलो. सुनेने खुडून आणलेल्या शेंगा पलंगाशेजारी परातीत होत्या. माफी मागायचं पाठ करून गेलो होतो. तिने सुरूच करू दिलं नाही.

"ती नक्कल कर," म्हणाली.

मी नको नको म्हटलं.

"कर रे. सगळ्यांनी बघितली, मीच राहिले."

खांद्यावर टॉवेल घेऊन मी पलंगाच्या कडेने चालू लागलो. सून दारात उभी होती, हसली नाही. काकी माझ्या पायांवरून नजर काढत नव्हती.

"हात हलव. बाईंनी हात हलवाय सांगितलंय."

मी हात हलवले. भिंत आली तसा थांबलो.

"थांबलास काय?" काकी म्हणाली. "शेत लांब हाय अजून."