गोठ्यातले सम्राट पेंग्विन

सकाळी धार काढून पत्नी घरात आली. तिने चहा ठेवला आणि ती भिंतीला टेकून बसली. दुपारी ती गेली.

मी निवृत्त शिक्षक. गोठा तिचा, पुस्तके माझी, अशी आमची वाटणी होती. "मनातल्या मनात काय वाचता? आम्हालाही कळू द्या की," असे ती म्हणायची. मी नुसती मान हलवायचो.

तेराव्यानंतर धार माझ्याकडे आली. रेडकू लावले तरी माझा हात लागताच म्हैस दूध चोरायची. शेजारी म्हणाला, "गुरुजी, काकूंची साडी गुंडाळून बसा." बसलो. म्हशीने साडी हुंगली, दाराकडे पाहिले आणि ओरडली. ती साडी पुन्हा गोठ्यात नेली नाही.

"मग म्हैस घोडेगावच्या बाजारात घाला. टेम्पो मी सांगतो. अशानं आटंल ती," शेजारी म्हणाला.

पत्नीने ती लहानाची मोठी केलेली. मला ती विकायची नव्हती. बाजाराच्या दिवसापर्यंत थांब, म्हणालो.

सम्राट पेंग्विनवरचे एक पुस्तक अर्धे राहिले होते. पेंग्विनांत हाच सर्वांत मोठा, पहिलीतल्या पोराएवढा उंच. घरटे बांधत नाही. मादी अंडे नराकडे सोपवून समुद्रावर जाते. तो ते पायांवर घेतो, पोटाच्या घडीखाली झाकतो आणि बर्फात दोनेक महिने उपाशी उभा राहतो. ती परतली की एवढ्या गर्दीत दोघे एकमेकांना आवाजावरून ओळखतात.

तिथे मी थांबलो. धार काढताना पत्नी सतत काहीबाही बोलत असे. माझा आवाज म्हशीने कधी ऐकलाच नव्हता.

पण बोलायचे काय, ते सुचेना. म्हणून पुस्तकच गोठ्यात नेले आणि मोठ्याने वाचू लागलो. वादळात पेंग्विन अंगाला अंग लावून उभे राहतात; कडेचे हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात.

"गुरुजी, म्हशीला साळंत घातली व्हय?" शेजाऱ्याने कुंपणावरून विचारले.

"पहिलीत," मी म्हणालो. आम्ही दोघेही हसलो.

रोज दोन्ही वेळा वाचत गेलो. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक बादलीशेजारी पालथ्या पाटीवर उघडे ठेवून कासेला हात लावला. आई परतण्याआधी पिल्लू बाहेर आले, तर उपाशी बाप घशातून दुधासारखे काहीतरी काढून त्याला भरवतो, असे त्या पानावर होते. वाचता वाचता हाताखाली सड भरले. धार बादलीत वाजली. थांबायची भीती वाटून मी तेच पान पुन्हा वाचले.

टेम्पो आला नाही.

आता म्हैस आहे, रेडकू आहे. ते पुस्तक संपले, दुसरे चालू आहे. सकाळ-संध्याकाळ मी मोठ्याने वाचतो.