पाहुण्या बोलरची पँट

आमच्या शेजारच्या शिवणवाल्या काकूंना अख्खी गल्ली 'वाढीव काकू' म्हणते. तोंडावर नाही, तोंडावर नुसतंच काकू. जन्मभर शाळेचे गणवेश शिवले, त्यामुळे समोर कुणीही उभं राहो, ते माणूस पुढच्या वर्षी वाढणारच असं त्या धरून चालतात. माझ्या नवऱ्याच्या पँटलासुद्धा त्यांनी कमरेत ऐसपैस जागा सोडली होती. त्याने ती भरून काढली, ही गोष्ट वेगळी.

तर पाहुण्या देशाचा महिला क्रिकेट संघ दौऱ्यावर आला आणि एक वन-डे आमच्या मैदानावर ठरली. त्यांच्या नव्या फास्ट बोलरची बॅग विमानतळावरून भलतीकडेच गेली. पोरगी इतकी उंच, की मैत्रिणींच्या पँट तिच्या पोटऱ्यांवरच थांबायच्या. त्यांच्या संघाचा गडद निळा रंग आणि काकूंकडच्या गणवेशाच्या कापडाचा रंग अगदी एक, असं कुणीतरी सांगितलं, म्हणून मॅनेजरबाई तिला घेऊन थेट काकूंच्या दारात. मी सहज डोकावले. सहज म्हणजे, गाडीचं दार वाजलं तेव्हा माझ्या पायात चपला होत्याच.

"वय काय हिचं?" टेप कमरेभोवती टाकत काकूंनी विचारलं.

"एकोणीस," मॅनेजरबाई म्हणाल्या. "उद्या पहिलीच आंतरराष्ट्रीय मॅच. पँट झाली नाही तर बाहेर बसावं लागेल बिचारीला."

"एकोणीस म्हणजे अजून अंग भरायचंय."

काका पेपरामागून म्हणाले, "अगं, मॅच उद्या आहे. उद्यापर्यंत कितीसं भरेल?"

"तुम्ही पेपर वाचा."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली स्टँडमध्ये. काकू पुढच्या रांगेत बसून अनोळखी लोकांना सांगत होत्या, "ती उंच दिसते ना, तिची पँट माझी." बॅटिंग आपली होती. पोरगी धावत सुटली आणि अर्ध्या वाटेतच तिचा डावा हात कमरेला गेला. बॉल वाइड. पुढचाही वाइड. कुणीतरी पिन आणून लावली, तर ती उघडून टोचली. ओव्हर कशीबशी संपली आणि कॅप्टनने तिला बाहेर पाठवलं. दोरीपलीकडच्या खुर्चीत ती मान खाली घालून बसली. इकडे आपल्या पोरींनी चौकारांवर चौकार हाणायला घेतले.

"झाली बरं का देशसेवा तुझ्या हातून," काका म्हणाले. सगळे खो-खो हसले. काकू पर्समध्ये सुईदोरा शोधत होत्या.

"कुठं निघालीस?"

"खाली."

"अगं, आयतं आपल्या पथ्यावर पडलंय!"

"माझ्या हातचं काम मैदानभर घसरतंय आणि मी इथे शेंगा सोलत बसू? ती पोर घरी जाऊन काय सांगेल, शिंपिणीने आउट केलं?"

गेटवरच्या माणसाने अडवलं. मी म्हटलं, "संघाच्या टेलर आहेत." यात खोटं काय होतं? आत पोरगी टॉवेल गुंडाळून उभी राहिली आणि काकूंनी कंबर उसवून, आत घेऊन, दुहेरी दोऱ्याने पक्की केली. "खात नाहीत ही पोरं," एवढंच पुटपुटल्या. स्वतःचं चुकलं हे कबूल करायची त्यांची ही पद्धत.

मग ती पोरगी परत आली आणि आपल्या पोरींपैकी चार जणींना तिने तंबूत पाठवलं. कॅप्टनसकट.

आपण हरलो. परतताना गल्ली काकूंशी चकार शब्द बोलली नाही. फक्त वाणीणबाई म्हणाल्या, "काकू, जरा सावकाश शिवलं असतं तरी चाललं असतं हो."

संध्याकाळी भिंतीपलीकडे काका जेवायला बसेनात. आमची भिंत पातळ आहे, त्याला मी काय करणार?

"तुझ्यामुळे हरलो," काका म्हणाले.

"कॅप्टन यॉर्करवर गेली ना? यॉर्कर मी शिवला नव्हता."

ताट पुढे ओढल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "वाढ."

"किती?"

"बॉल मात्र झकास होता," काका म्हणाले. "दोन पोळ्या."