मोठा, पण जरा अंधुक

टीव्ही विकणाऱ्या दुकानदारांना गिऱ्हाइकाची मागणी पाठ असते. चित्र लख्ख हवं, आवाज दणदणीत हवा आणि किंमत ऐकून छातीत धस्स व्हायला नको. पवनीच्या चंद्रभानने मात्र भल्याभल्या दुकानदारांची पंचाईत केली. त्याला टीव्ही मोठा हवा होता, स्वस्त हवा होता आणि त्यात फार स्पष्ट दिसायला नको होतं.

दुकानदार आधी त्याच्या तोंडाकडे पाहत. पण चंद्रभानच्या तोंडावरून आजवर कोणाला काही कळलेलं नाही. लग्नाच्या पंगतीत आणि मयतीच्या बैठकीत तो एकाच चेहऱ्याने बसतो. पोरगा नीलेश झाला तेव्हा दवाखान्यातून बाहेर आलेल्या चंद्रभानला पाहून लोकांनी त्याचं सांत्वन केलं होतं, आणि त्यानेही ते मुकाट्याने करून घेतलं होतं.

चंद्रभान कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणतो. त्याचा बाप विणायचा, आजाही विणायचा. आमच्याकडच्या करवती साडीला दोन्ही काठांवर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते. काठाचा रंगीत धागा आणि अंगाचा धागा प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवावा लागतो, म्हणून आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात, आणि तीन धोटे एका माणसाच्या हातात मावत नाहीत. एकाने मागावर बसायचं, दुसऱ्याने त्याच्या डाव्या अंगाला बसून डाव्या काठाचा धोटा द्यायचा. लग्न होऊन आल्यापासून ती डावी जागा कुसुमताईची होती. उजवा काठ नवऱ्याचा, डावा बायकोचा, मधलं अंग दोघांचं. त्यांची भांडणंसुद्धा मागावर बसूनच व्हायची आणि भांडणापायी कधी धोटा चुकल्याचं ऐकिवात नाही.

मग कुसुमताईचे डोळे बिघडले. तिने कोणाला सांगितलं नाही. बोटांच्या अंदाजाने ती धोटा देत राहिली. मधाच्या रंगाच्या, लाल काठाच्या एका साडीवर काम चाललं होतं. पदराजवळ आल्यावर चंद्रभानला दिसलं की डाव्या काठावरचे दोन दात चुकलेत. तेवढं उसवून परत विणता आलं असतं. पण उसवायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तो पुढे विणत गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांनी कुसुमताईने शेजारच्या मंगलाबाईला नीलेश समजून "पोटभर जेवत जा" म्हणून दटावलं, आणि गोष्ट लपण्यासारखी राहिली नाही. मंगलाबाई अंगाने भरलेली बाई आहे. तिने ते बरेच दिवस मनात ठेवलं.

नागपूरच्या डॉक्टरने सांगितलं की नजरेचा मधला भाग गेला आहे, तो परत यायचा नाही. कडेचं दिसत राहील. तेव्हापासून कुसुमताईला एखादी वस्तू पाहायची असली की ती तिच्यावरून मान वळवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहते. नव्या माणसाला वाटतं, बाई रागावली. परतीच्या बसमध्ये तिने नवऱ्याला एवढंच विचारलं, "ते साडी साजरी झाली ना? काही चुकलं तं नाही?"

"एक दात हालला नाही," चंद्रभान म्हणाला.

 भिवापूर येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. डोळ्यांचं दुःख असेल असं समजून चंद्रभानही खिडकीबाहेर पाहत बसला. आपण खोटं बोललो याचं त्याला वाईट वाटलं नाही. डोळे परत आणून देणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटची साडी बिनचूक झाली एवढं समाधान मात्र तो तिच्यासाठी राखू शकत होता, आणि ते त्याने राखायचं ठरवलं.

कुसुमताईने माग सोडला. चंद्रभान एकट्याला जमतील अशी साधी, बिनकाठाची कापडं विणू लागला. घरात बदल म्हणाल तर एकच झाला. कुसुमताई त्याला अधूनमधून सुईत दोरा ओवायला सांगू लागली. कधी कॅलेंडरवरची बारीक अक्षरं वाचायला लावी, कधी तांदळातले खडे वेचायला बसवी. बिचारीचा वेळ जात नसेल, म्हणून तो मुकाट्याने ओवी, वाची आणि वेचत बसे.

लाल काठाची साडी त्याने भंडाऱ्याच्या प्रदर्शनात मांडली. एका वाहिनीवर बातम्या सांगणारी बाई आली आणि तिने नेमकी तीच उचलली. चंद्रभानने तिला डाव्या काठावरचे ते दोन दात बोट ठेवून दाखवले. "असू द्या, हाताने विणल्याची खूण आहे," असं म्हणून तिने साडी घेतली आणि त्याचा नंबरही घेतला. फाल्गुनात तिचा निरोप आला. पाडव्याच्या सकाळच्या बातम्यांना ती तीच साडी नेसणार होती.

कुसुमताईने माग सोडल्यापासून स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी तिने मागितलं.

"मले दिसंल असा टीवी आणा," ती म्हणाली. "मोठा आणा. आपला काठ पाह्यचा हाय मले."

घरातला जुना टीव्ही खोक्याएवढा होता आणि त्यातली सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसत. मोठा आणायलाच हवा होता. चंद्रभानला आधी आनंद झाला, त्याच्या परीने. मग त्याला ते दोन दात आठवले. भिंतीएवढा टीव्ही, त्यात भिंतीएवढा काठ आणि त्यात बोटाएवढी फट. अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली तरी त्याला फिकीर नव्हती. कुसुमताईने पाहायला नको होती. टीव्ही असा हवा की तिला काठ दिसेल आणि दात दिसणार नाहीत.

नीलेश बुटीबोरीला कंपनीत आहे. त्याने फोनवर सांगितलं, "बाबा, फोर-के घ्या. केस न् केस दिसते. पैसे मी टाकतो."

"तुह्या पैशाचा टीवी जास्तच साफ दिसंल," चंद्रभान म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. पोराला आपला बाप मानी आहे असं वाटलं. ते चुकीचं नव्हतं, पण कारण ते नव्हतं.

पवनीच्या दुकानदाराने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग तो एसटीने भंडाऱ्याला गेला. तिथल्या मोठ्या दुकानात हर्षा नावाची मुलगी गिऱ्हाइकांना टीव्ही दाखवत होती. तिने त्रेचाळीस इंची दाखवला. चंद्रभानने खिशातून टेप काढली आणि टीव्हीचा पन्हा मोजला. कापडाची रुंदी मोजतात तसा, या काठापासून त्या काठापर्यंत.

"पोरी, हा त्रेचाळीस भरत नाही. चांगला पाच इंच कमी हाय."

"काकाजी, टीव्ही असा आडवा नाही मोजत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपा मोजतात."

"कापड कोनी तिरपं मोजते काय?"

"हे कापड नाही ना, काकाजी."

चंद्रभानने यावर विचार केला. जो धंदा पन्हा तिरपा मोजतो त्याच्यावर विश्वास किती ठेवावा हे त्याला ठरवता येईना. पण मुलगी गोड बोलत होती, म्हणून त्याने टेप गुंडाळली. हर्षाने टीव्ही सुरू केला. पडद्यावर एक पोपट आला. त्याच्या पिसापिसातली रेघ दिसत होती. डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यासुद्धा दिसत होत्या.

"किती क्लिअर आहे पाहा!" हर्षा म्हणाली.

"हेच तं नको हाय," चंद्रभान म्हणाला. "यापेक्षा जरा वाईट दाखव."

तिने दुसरा दाखवला. तो थोडा कमी होता, तरी पोपटाचं पीस दिसत होतंच. चंद्रभान जवळ गेला, लांब गेला, नाक लावून पाहिलं. अजून वाईट नाही का, असं त्याने विचारलं. हर्षाने मालकाला बोलावलं. मालकाला वाटलं, हा माणूस किंमत पाडायची नवी युक्ती घेऊन आला आहे. त्याने हात जोडले आणि लाखनीला जा म्हणून सुचवलं. बहुधा पीडा टाळायला सुचवलं असेल. चंद्रभानने ते मनावर घेतलं आणि लाखनीची बस पकडली.

लाखनीला हायवेच्या कडेला आनंदराव नावाच्या गृहस्थाचं दुकान आहे. समोरून ट्रक जातात आणि त्यांची धूळ दुकानात येते. दुकानाच्या दर्शनी भागात पन्नास इंची टीव्ही टांगलेला होता. लोकांनी थांबावं म्हणून तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालूच ठेवायचे. वर्षानुवर्षं चालून त्याचे रंग उडाले होते आणि धूळ कुठेकुठे आत शिरली होती. त्यातही एक पोपट होता. तो पोपट आहे हे सांगावं लागत होतं, पण हिरवा आहे एवढं दिसत होतं.

चंद्रभान त्याच्यासमोर उभा राहिला. त्याने मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. कुसुमताई पाहते तसं. मग सरळ पाहिलं.

"हा केवढ्याले?"

"काकाजी, तो विकायचा नाही. तो दाखवायचा हाय," आनंदराव म्हणाला. "आत नवे हायत, चला."

"मले हाच पाह्यजे."

"अहो, त्यात काही दिसत नाही."

"मले पाह्यजे तेवढं दिसते."

आनंदरावाने आयुष्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. घासाघीस करणारी, उधारी मागणारी, नुसतीच पंख्याखाली बसायला येणारी. खराब मालावर असा जीव जडलेला माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला. त्याने आपल्या परीने परावृत्त करून पाहिलं, मग मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि भंगारापेक्षा जरा बऱ्या भावात टीव्ही देऊन टाकला. गाडीने पवनीला घरपोचही करून दिला. न जाणो, विचार बदलायचा.

टीव्ही मागाच्या खोलीत, कुसुमताईच्या जुन्या जागेसमोर लागला. नीलेश सुट्टीत आला, त्याने रिमोटची सगळी बटणं दाबून पाहिली आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाले फसवलं." चंद्रभान म्हणाला, "हो." 

पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभी राहिली आणि मंगलाबाई नवी साडी नेसून आली. बातम्या लागल्या. पडद्यावर मधाच्या रंगाचा एक मोठा डाग आणि त्याच्या कडेने खांद्यावर चढत गेलेली लाल पट्टी उमटली. कुसुमताईने खिडकीकडे मान वळवली आणि कोपऱ्यातून पाहिलं.

"लाल हाय," ती म्हणाली. "काठ दिसते मले. दिसते व, मंगलाबाई!" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. चंद्रभानला फार बरं वाटलं. चेहऱ्यावर अर्थातच काही आलं नाही.

मंगलाबाईला काठबीठ काही दिसला नव्हता. "टीवी तेवढा पारखून घ्यायचा होता, भाऊजी," एवढं बोलून ती आपल्या घरची पुरणपोळी पाहायला गेली.

दोघंच राहिल्यावर कुसुमताईने विचारलं, "खांद्यावर वर आला हाय तो काठ कोनाचा? तुमचा का माहा?"

चंद्रभानने बराच वेळ अंदाज घेतला. साडीचा पदर कसा फिरतो ते हवेत हाताने फिरवून पाहिलं. "माहा," तो म्हणाला. "उजवा."

"मंग बरं झालं टीवी असा मिळाला तं."

"काहून?"

"त्या जाग्यावर तुमचा एक दात चुकला हाय. घडी करताना बोटाले लागला होता."

चंद्रभानने पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर काहीच कळत नव्हतं. त्यासाठीच तर तो आणला होता.

"आन् माहे दोन," कुसुमताई म्हणाली.

"तुले माहीत होतं?"

"बोटं तं गेले नाही ना माहे."

"मंग बोलली काहून नाही?"

"बसमधी विचारलं होतं ना तुमाले. तुमी म्हनलं, एक दात हालला नाही. मले वाटलं, यायलेबी दिसून नाही राहिलं आता. तुमाले सांगतलं असतं तं तुमी घाबरले असते. माग सोडला असता. दोघायनंबी सोडला तं मंग घरात आवाज कशाचा?"

सुईतले दोरे, कॅलेंडरची अक्षरं आणि तांदळातले खडे चंद्रभानच्या डोळ्यांपुढून एकदम गेले. बायको इतके दिवस त्याची परीक्षा घेत होती आणि तो तिचा वेळ घालवत होता.

"माहे डोये चांगले हायत," तो म्हणाला.

"ते समजलं मले. खडा एकबी सुटला नाही तुमच्या हातून." ती थांबली. "मंग दात कसा चुकला?"

बातम्या संपल्या आणि जाहिराती लागल्या. चंद्रभानला तो दिवस आठवला. पदर जवळ आला होता आणि कुसुमताईचा हात धोटा शोधत मागावर चाचपडत होता. त्याच्या स्वतःच्या हाताने तेव्हा काय केलं ते त्याला काही केल्या आठवेना.

"मी तुह्या काठाकडं पाहून राहिलो होतो," तो म्हणाला.

 कुसुमताईने त्याच्यावरून मान वळवली, पार खिडकीकडे वळवली, आणि तशीच पुष्कळ वेळ त्याच्याकडे पाहत बसली.