मी गिटारचे पिकअप बदलले

माझ्या हातून आजवर एकच यंत्र दुरुस्त झालं आहे, ते म्हणजे ग्रंथालयातला तारखेचा शिक्का. त्याचा महिना फिरत नव्हता. मी त्याला खोबरेल तेल लावलं. पुढचे पंधरा दिवस वाचकांच्या पुस्तकांत तेलकट तारखा उमटत राहिल्या, पण महिना फिरला. एवढ्या अनुभवाच्या बळावर मी माझ्या धाकट्या भावाच्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलायला घेतले.

भाऊ अकोल्याला असायचा. दिवसा औषधांच्या दुकानात आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात. लग्नं, वाढदिवस, गणपती, शारदोत्सव, जे मिळेल ते. संसार त्याने केला नाही, गिटार होती. मी अमरावतीत एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, आईसोबत. संसार मीही केला नाही, आणि माझ्याजवळ गिटारही नव्हती.

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी तो गेला. सकाळी दुकानाचं शटर वर करता करता खाली बसला, तो उठला नाही. याबद्दल मला यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.

त्याच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला होता. "दादा, नवे पिकअप मागवले. हम्बकर."

मी विचारलं, म्हणजे काय. तारांच्या खाली ज्या दोन चपट्या डब्या दिसतात ना, त्या. आत लोहचुंबक, त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेच्या गुंडाळ्या. गिटारची तार हलली की ती हालचाल हे उचलतात आणि पुढे पाठवतात. हम्बकरमध्ये अशा दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी असतात, त्यामुळे विजेची भुणभुण मरते. हे सगळं त्याने मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. पुढे तेच समजून घ्यायला मला चारशे पानांचं पुस्तक लागलं.

"जुन्याचा आवाज कसा हाय माहीत हाय का? पावसाळ्यात वावरात चप्पल फसते न, तसा. उचलता उचलत नाही. अन् जोरात केलं का शिट्टी मारते."

"बरं मग?"

"मंग काय? हे बसले का तू ये आयकाले. ये म्हणजे पूर्ण बस. गाडीचं कारण सांगून मधातून उठू नोको."

मी हो म्हटलं. त्याचं म्हणणं खरंच होतं. इतक्या वर्षांत मी त्याचे तीन कार्यक्रम ऐकले होते, आणि तिन्ही वेळा दुसऱ्या गाण्यानंतर बडनेऱ्याची गाडी पकडायची म्हणून उठलो होतो. बडनेऱ्याला थांबणाऱ्या गाड्या दिवसात कितीतरी आहेत, हे त्यालाही माहीत होतं. एकदा तर मी कार्यक्रमात पुस्तक घेऊन बसलो होतो. पुस्तक कोणतं ते आठवत नाही, म्हणजे तेही नीट वाचलं नसणार.

तेरवी झाल्यावर त्याचा मित्र, ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा, गिटार, अ‍ॅम्प्लिफायर आणि पिकअपचं खोकं घेऊन घरी आला. म्हणाला, "दादा, आमच्या जठारपेठेत एक मिस्त्री हाय. अर्ध्या घंट्यात बसवून देते. नेऊ का?"

मी म्हणालो, "मी बसवतो."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "तुमी?"

"वाचून बसवीन."

माणूस दुःखात आहे म्हटल्यावर त्याच्याशी वाद घालत नाहीत. त्यानेही घातला नाही. एवढंच म्हणाला, "ठीक हाय. वर्षश्राद्ध झालं का आमी सगळे जमतो. त्याच्या गिटारीवर त्याचेच गाणे वाजवू. तोपर्यंत होईल न?"

अर्ध्या तासाचं काम, वर्षाची मुदत. होईल, असं मी ठामपणे सांगितलं. मला हातांना काहीतरी काम हवं होतं, हे खरं. पण त्याला दिलेला शब्द तो असताना पाळला नाही, आता तरी तो आवाज आपल्याच हाताने उभा करून शेवटपर्यंत बसून ऐकू, हेही मनात होतं. हे मी मित्राला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो मिस्त्रीकडे जाऊ या म्हणाला असता, आणि तेच शहाणपणाचं होतं.

आमच्या घरी वर्षभर सण नव्हता. दिवाळीला फराळ मावशीकडून आला. आईने सांगून टाकलं, "वरीस होईस्तोर घरात वाजाचं नाही काही." त्याचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर मी चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला. इलेक्ट्रिक गिटार अ‍ॅम्प्लिफायरशिवाय किती मुकी असते ते मला तेव्हा कळलं. तार छेडली तर पलंगाचा खिळा करकरावा एवढाच आवाज. सुतकाच्या घराला साजेसं वाद्य. आईची हरकत नव्हती.

मग मी वाचायला बसलो. गिटारच्या विजेच्या जोडणीवरचं एक जाडजूड पुस्तक मागवलं. टिपणांची एक वही भरली, दुसरी सुरू केली. गणपती गेले, दिवाळी गेली, तीळसंक्रांत आली तरी मी वाचतच होतो. गिटारचा एक स्क्रूही सैल केला नव्हता. मित्राचा फोन आला की सांगायचो, "तिसरं प्रकरण चालू आहे."

खोक्यात दोन पिकअप, स्क्रू, स्प्रिंगा आणि औषधाच्या पाकिटाचा एक उलगडलेला पुठ्ठा होता. त्याच्या कोऱ्या बाजूवर भावाने निळ्या पेनने काहीतरी काढलं होतं. वाळत घातलेल्या शेवयांसारख्या रेघा, शेजारी का, पां, ला, हि अशी अक्षरं, एका कोपऱ्यात चहाचा डाग. माझ्या पुस्तकात तीच जोडणी रंगीत, ठसठशीत छापलेली होती. पुठ्ठा जाड होता, आकाराने बेताचा. मी तो पुस्तकात खूण म्हणून वापरला. वर्षभर.

शेवटी मे उजाडला आणि मला सोल्डरिंगचा गरम लोखंडी दांडा हातात घ्यावाच लागला. कूलर चालू ठेवला तर वाऱ्याने कथील नीट वितळेना, बंद केला तर घाम नाकावरून गिटारमध्ये टपकू लागला. आई टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कापसाच्या वाती वळत होती.

"कूलर काहून बंद केला रे?"

"कथील थंड होतं."

"त्याले थंडा लागते अन् मले गरमी होत नाही?"

कूलर चालू झाला. मी पाठीने वारा अडवून बसलो. जुने पिकअप काढले, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवले. नव्या पिकअपमधून चार रंगांच्या वायरी निघत होत्या, काळी, पांढरी, लाल, हिरवी, आणि एक उघडी. पुस्तकात हेच चार रंग होते. पुस्तकाप्रमाणे लाल वायर स्विचला, हिरवी आणि उघडी अर्थिंगला, काळी आणि पांढरी एकमेकींना. दोन्ही पिकअप तसेच जोडले. आई मधूनच वाकून पाही.

"त्याले येत होतं का हे?"

"येत होतं."

"मंग तुले काहून इतके दिवस लागले?"

मी मीटर लावून पाहिला. आकडा आला. तो किती यायला हवा हे मी पाहिलं नाही. आकडा आला याचंच मला कौतुक वाटलं. मागचं झाकण बंद केलं आणि त्या संध्याकाळी, वर्षभरात पहिल्यांदा, मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गिटार घेऊन अकोल्याला निघालो. ती मी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली होती. समोरचे गृहस्थ म्हणाले, "वाजवा न भाऊ एखादं."

"मला वाजवता येत नाही. मी दुरुस्त केली आहे."

"अरे वा, मिस्त्री हाय तुमी!"

मी नाही म्हणालो नाही. मूर्तिजापूरपर्यंत मी मिस्त्री होतो. पुढे त्यांनी घरच्या बिघडलेल्या पंख्याचा विषय काढला आणि मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

जठारपेठेत एका दुकानाच्या मागच्या खोलीत ऑर्केस्ट्राची तालीम चाले. पाचसहा जण जमले होते. भावाचा फोटो कीबोर्डच्या स्टँडला टेकवून ठेवला होता. मित्राने गिटार गळ्यात घातली, वायर लावली, सगळे गप्प झाले, आणि त्याने पहिला सूर छेडला.

डब्यात अडकलेल्या माशीसारखा आवाज आला. सूर होता, पण कसा, तर भुकेला. त्याच्या मागे मोठी भुणभुण. जी भुणभुण मारायला हम्बकर जन्माला आला, तीच.

 मग ढोलकीवाला हळूच म्हणाला, "दादा, कितवं प्रकरण होतं हे?"

मित्राने त्याला डोळ्यांनी दटावलं, पण हसू त्यालाही आवरेना. मी मात्र फोटोकडे पाहायचं टाळत होतो. वर्षभर मुकी ठेवलेली गिटार मी इथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच ऐकत होतो. घरी एकदा लावून पाहिली असती तर कळलं असतं. पण घरी वाजवायचं नव्हतं. आणि मला वाटत होतं, त्याची शेवटची एक गोष्ट उरली होती, मी तीही नासवली.

मिस्त्री पलीकडच्याच गल्लीत; मित्र गिटार घेऊन मला तिकडे घेऊन गेला. साठीचा माणूस, भोवती उघडे पडलेले मिक्सर आणि स्पीकर. त्याने मागचं झाकण काढलं आणि आत पाहून चष्मा वर सरकवला.

"सोल्डर कोणं केलं?"

"मी."

"सोल्डर हाय का सुपारी?" मग म्हणाला, "नकाशा कोणचा पायला?"

याची मी वाटच पाहत होतो. मी पिशवीतून पुस्तक काढून अभिमानाने उघडलं. त्यातून पुठ्ठा खाली पडला. मिस्त्रीने पुस्तकाकडे पाहिलंही नाही. वाकून पुठ्ठा उचलला, उजेडाकडे धरला, आतल्या वायरींशी ताडून पाहिला.

"हे कोणाचं हाय?"

"माझ्या भावाचं."

"हे बराबर हाय. एका कंपनीचे रंग दुसरीले लागत नसतात, बाप्पा. यानं याच पिकअपचं पाहून काढलं. हे हातात असून थे काहून पायलं तुमी?"

मी पुस्तकात पाहिलं. पुस्तकातल्या त्या आकृतीखाली बारीक टायपात लिहिलं होतं की प्रत्येक कंपनीचे वायरींचे रंग वेगळे असू शकतात. त्या वाक्याखाली मी पेन्सिलने रेघही मारली होती.

मिस्त्री काम करता करता मित्राला समजावत होता. "पाय, एका गुंडाळीचे दोनी टोकं यायनं एकमेकाले जोडून देल्ले. थे आपली आपल्यातच गप बसली. दुसरी एकटी वाजून राहिली. दोघी मिळून वाजल्या त भुणभुण मरते. एकटीले बाहीरचं सगळं आयकू येते."

अर्धा तासही लागला नाही. तो झाकण लावणार, तेवढ्यात मला एक सुंदर कल्पना सुचली. मी पुठ्ठा पुढे केला. "हा आतच ठेवता येईल का? झाकणाखाली?"

"नोको. वायर दबते. अन् तुमच्या सुपाऱ्या अजून हायेत एकदोन आत." त्याने स्क्रू आवळले. "खिशात ठेवा."

मी खिशात ठेवला.

परत खोलीत आलो. मित्राने तोच सूर पुन्हा छेडला, आणि या वेळी आवाज जमिनीवर पाय देऊन उभा राहिला. मागे भुणभुण नव्हती. त्याने हात तारांवरून उचलला तरी सूर बराच वेळ खोलीत थांबला. ढोलकीवाला "हौ!" म्हणाला. दोघंतिघं एकदमच बोलू लागले, "पाय लेका, काय फरक पडला," "जुना त पार चिखल होता." मित्र माझ्याकडे वळला. "कळला न दादा फरक?"

मी हो म्हणणार होतो. वर्षभर त्याच विषयावर वाचलं होतं, जुन्या आणि नव्या आवाजातल्या फरकावर अर्धा तास बोलू शकलो असतो. पण त्या पुठ्ठ्याचं टोक छातीला टोचत होतं.

"नाही," मी म्हणालो. "जुना मी कधी नीट ऐकलाच नाही."

मला वाटलं, तो समजूत घालेल. तो म्हणाला, "माहीत हाय. दादा दुसऱ्या गाण्यानंतर उठते, असं सांगे तो आमाले. म्हणून तुमी आले का तो दुसरं गाणं लांबवे. संपूच देत नव्हता. पुन्हा मुखडा, पुन्हा मधला गिटारीचा पीस. आमी मागून शिव्या घालू त्याले."

मला ती गाणी आठवली. शब्द नाही, चाल नाही. ती संपत नव्हती एवढंच आठवलं. तिन्ही वेळा मी मनात म्हणालो होतो, ऑर्केस्ट्रावाल्यांना कुठे थांबावं हे कळत नाही.

"बसा," मित्र म्हणाला.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो. त्यांनी सात गाणी वाजवली. दुसरं गाणं त्यांनी नेहमीएवढंच वाजवलं. ते इतक्या लवकर संपलं की मी दचकलो. दुपारची गाडी गेली, तिच्यामागची एक गेली. सातातली दोन गाणी मला मुळीच आवडली नाहीत. तीही मी पूर्ण ऐकली.